सोडत निघाली, मेसेज आला नाही: मधल्या दिवसांत काय करायचं?

पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीचा पहिलीसाठी आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत राखलेल्या पंचवीस टक्के मोफत जागांसाठीचा, अर्ज भरलाय, दहा शाळा टाकल्यात. सोमवारी, १० फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात सोडत निघाल्याचं बातम्यांत पाहिलं, पण मोबाइलवर काहीच नाही. शेजारणीला म्हणे मेसेज आला. घराजवळच्या एका इंग्रजी शाळेनं १५ तारखेपर्यंत बावीस हजार भरा, नाहीतर सीट दुसऱ्याला देऊ असं सांगितलंय. मिस्टरांच्या ओळखीतला एक जण वीस हजारांत 'आतून' नाव लावून देतो म्हणतोय. राहायला भाड्याच्या घरात, मिस्टरांचा ओबीसीचा दाखला आहे, अर्ज नेट कॅफेतून भरलाय. आणि शेवटी, 'सर, झोप लागत नाही, काय करू ते सांगा.'

मी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं आरटीईच्या पडताळणी समितीच्या टेबलावर गेली. समोर आलेल्या पालकांचे कागद तपासायचे आणि प्रवेश पक्का करायचा किंवा नाकारायचा, हे ते काम. त्या खुर्चीतून जे दिसलं त्यावरून लिहितोय. सूचना दरवर्षी थोड्याफार बदलतात, त्यामुळे आरटीईच्या सरकारी पोर्टलवरच्या यंदाच्या सूचना आणि माझं बोलणं यांत फरक दिसला तर पोर्टलचं खरं धरा.

ताई, तुम्ही मेसेज कधी येणार असं विचारताय. पण तुमच्या हातातली गोष्ट ती नाही. नाव लागलं की नाही हे सोमवारी ठरून गेलंय. आता तुम्ही जागलात काय आणि झोपलात काय, त्यात काडीचा फरक पडणार नाही. ठरायचं राहिलंय ते वेगळंच आहे: नाव लागलं तर ते पडताळणीत टिकेल का, आणि नाही लागलं तर जूनमध्ये मुलगी कुठल्या वर्गात बसेल. या दोन्ही गोष्टी अजून तुमच्या हातात आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडे या दिवसांत कुणाचंच लक्ष नसतं. सगळे फोन हातात धरून बसलेले असतात.

आधी शेजारणीचा मेसेज. निवड झालेल्यांना मेसेज शुक्रवारपासून, म्हणजे १४ तारखेपासून जाणार आहेत. त्याआधी ज्यांना 'आला' त्यांना बहुतेक अर्ज मिळाल्याचा जुना मेसेज आलेला असतो, नाहीतर ग्रुपवर कुणीतरी फिरवलेली पीडीएफ. शेजारणीचा मेसेज एकदा स्वतः वाचा. त्यात शाळेचं नाव आहे का बघा. नसेल तर विषय संपला. तुमच्याबाबतही तेच लक्षात ठेवा. शुक्रवारी मेसेज आला नाही म्हणजे नाव लागलं नाही असं नाही. नंबर बंद पडलेला असतो, इनबॉक्स भरलेला असतो, अर्जात नेट कॅफेवाल्याचाच नंबर टाकलेला असतो (हसू नका, हे नेहमीचं आहे). पोर्टलवर 'अ‍ॅप्लिकेशन वाइज डिटेल्स' म्हणून जागा आहे, तिथं अर्ज क्रमांक टाकला की तुमच्या अर्जाची स्थिती दिसते. खरं तेच. नावावरून शोधू नका, एकाच नावाची चार मुलं एका तालुक्यात निघतात. आणि पहिल्या दिवशी साइट रडतखडत चालते. सकाळी दहाला उघडली नाही तर रात्री अकराला बघा. पहिल्यांदा साइट उघडणाऱ्याला जागा, असा प्रकार इथं नसतो.

आता 'आतून' नाव लावणाऱ्या माणसाबद्दल, कारण मला याचा मनापासून राग आहे. यंदा, म्हणजे २०२५-२६ साठी, राज्यात ८,८६३ शाळांमध्ये साधारण १ लाख ९ हजार जागा आहेत आणि अर्ज आलेत ३ लाख ५ हजारांच्या वर. म्हणजे ढोबळमानानं दर तीन अर्जांमागे एका मुलाला जागा. आता या माणसाचा धंदा बघा. तो दहा जणांकडून वीस-वीस हजार घेतो आणि काहीही करत नाही. शब्दशः काहीही नाही. सोडतीत दहातल्या तिघांची नावं आपोआप लागतात. त्यांचे साठ हजार खिशात घालतो, उरलेल्या सात जणांचे पैसे परत करतो, वर 'या वर्षी जमलं नाही ताई, पण तुमचे पैसे खाणार नाही' असं म्हणतो. झाला प्रामाणिक माणूस! पुढच्या वर्षी तेच सात जण आपल्या मेहुण्याला, भाच्याला त्याच्याकडे घेऊन येतात. पैसे परत मिळाले म्हणून त्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, आणि ज्यांचं नाव लागलं ते तर त्याच्या पाया पडतात. सोडत राज्याची एकच, संगणकावर, पुण्यात निघते. थेरगावच्या माणसाला त्यात हात घालायला जागाच नाही. त्याच्या हातात फार तर एक गोष्ट असते, ती म्हणजे खोटे कागद बनवून देणं. आणि त्यात अडकायचं कुणी, तर तुम्ही, कारण कागद खरे असल्याच्या हमीपत्रावर सही तुमची असते. नागपुरात २०२४ मध्ये खोट्या कागदपत्रांवरून प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर गुन्हे नोंदवले गेले.

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे कागद.

निवड यादीत नाव लागलं की लोकांना वाटतं प्रवेश झाला. तसं नाही. अलॉटमेंट लेटर (शाळा मिळाल्याचं पत्र) आणि हमीपत्राची प्रिंट काढायची, लेटरवर ज्या पडताळणी समितीचा पत्ता आहे तिथं जायचं, मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्सचा संच द्यायचा. समितीनं हिरवा कंदील दाखवला की मगच शाळेत. थेट शाळेत गेलात तर गेटवरचा वॉचमन परत पाठवेल आणि त्यात त्याची काही चूक नसेल. गळती होते ती या समितीच्या टेबलावर. तिथं पाय अडकलेले पालक खोटारडे नसतात, बहुतेकांनी कागद एकदा नीट वाचलेला नसतो, एवढंच.

सगळ्यात जास्त भांडणं भाडेकरारावरून. रेशन कार्ड, लाइट बिल, घरपट्टी किंवा पाणीपट्टीची पावती, मतदान ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक, यांतला राहत्या पत्त्याचा एक पुरावा असला तर प्रश्न मिटला. पण भाडेकरूकडे हे सगळं गावाकडच्या पत्त्याचं असतं. मग भाडेकरार. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झालेला लागतो. आमच्यासमोर यायचा तो पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचा, नोटरीचा शिक्का मारलेला. पालक म्हणायचे, 'साहेब, शिक्का आहे की!' शिक्का आहे, पण नोंदणी नाही. नोंदणीच्या करारावर दस्त क्रमांक असतो, दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठे असतात. तुमचा करार आत्ता कपाटातून काढा आणि हे दिसतंय का बघा. दुसरं, तारीख. करार अर्ज भरण्याच्या आधीचा आणि अकरा महिन्यांचा किंवा त्याहून जास्त मुदतीचा हवा. आज धावत जाऊन केलेला करार उपयोगाचा नाही, उलट संशय वाढवतो. तिसरं, त्या पत्त्यावर तुम्ही खरंच राहत असायला हवं, कारण समितीचा माणूस घरी येऊन बघू शकतो, आणि राहत नसल्याचं आढळलं तर झालेला प्रवेशही रद्द होतो.

मग लाल फुगा. अर्ज भरताना गुगलच्या नकाशावर लाल बलून ठेवून घराचं ठिकाण ठरवायचं असतं, त्यावरून शाळेचं अंतर मोजलं जातं. तुम्ही नेट कॅफेतून अर्ज भरलात म्हणून हे मुद्दाम सांगतोय. कॅफेवाला घाईत असतो, बाहेर रांग असते, आणि फुगा कॅफेवरच राहून जातो! कागदावर तुमचं घर कॅफेत. अर्जाची प्रिंट काढा, दहाही शाळांसमोर अंतर छापलेलं आहे. घरापासून पायी दहा मिनिटांवरची शाळा अडीच किलोमीटर दाखवत असेल तर फुगा चुकलाय. आता तो हलवता येणार नाही, मुदत गेली. अशा वेळी मी पालकांना एकच सांगायचो, की समितीसमोर पहिल्याच वाक्यात हे सांगा, लपवू नका. घर आणि फुगा यांत थोडाफार फरक असेल आणि त्यानं अंतराचा गट (एक किलोमीटरच्या आत की एक ते तीन किलोमीटर) बदलत नसेल तर समजून घेणारे अधिकारी असतात. पण चुकीच्या फुग्यामुळे तुम्ही एक किलोमीटरच्या आत आलेले असाल आणि खरं घर बाहेर असेल, तर प्रवेश नाकारला जाईल, आणि तो बरोबरच नाकारला जाईल. त्या जागेवर दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचा हक्क आहे.

जातीचा दाखला तुमच्या मिस्टरांचा आहे, तो चालतो. तो महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्यानं दिलेला हवा. परराज्यातला दाखला घेऊन आलेली कुटुंबं पिंपरी-चिंचवडमध्ये पुष्कळ आहेत, आणि त्यांना टेबलावरून परत पाठवताना वाईट वाटायचं. ओबीसी वंचित घटकात येतो, तिथं उत्पन्नाची अट नाही. एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाची अट दुर्बल घटकासाठी, म्हणजे खुल्या गटातल्यांसाठी. तुम्ही उगाच तहसीलमध्ये रांग लावू नका.

राहिला जन्मदाखला. यात एक बारीक गोष्ट आहे जी घरात कुणाच्या लक्षात येत नाही. दवाखान्यातून मूल घरी आल्यावर लगेच काढलेल्या दाखल्यावर बाळाचं नाव नसतं. नावाच्या रकान्यात नुसती रेघ. बारसं नंतर झालं, नाव नंतर ठेवलं, दाखला मात्र तोच फाइलमध्ये पडून. एक आजोबा नातवाचा तसा दाखला घेऊन आले होते. लॅमिनेशन केलेला, चारी कोपरे जपलेला, आणि नावाच्या जागी काही नाही. त्यांनी तो इतक्या अभिमानानं माझ्यापुढे ठेवला की पटकन बोलवेना. नियमात अंगणवाडीच्या नोंदवहीचा उतारा, दवाखान्याची नोंद, पालकांचं स्वयंघोषणापत्र असे पर्याय आहेत, त्यामुळे त्यांचं काम पुढे झालं. पण दोन फेऱ्या आणि एका दिवसाची मजुरी गेली. तुमच्याकडे दोन दिवस आहेत. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यू विभागात जाऊन नाव लावून घ्या. दाखल्यावर नाव असेल तर ते आधारवरच्या नावाशी जुळतंय का बघा. एखाद्या वेलांटीचा फरक कुणी धरत नाही, पण आडनावच वेगळं असेल तर विचारलं जाणार.

सगळ्या कागदांचे झेरॉक्सचे दोन संच करा, मूळ कागद वेगळ्या फाइलमध्ये, आणि कपाटात वर ठेवून द्या. नाव लागलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच समितीकडे जा. मुदत २८ तारखेपर्यंत आहे. 'मुदतवाढ मिळतेच' असं सगळे म्हणतात, आणि बहुतेक वेळा मिळतेही, पण त्या भरवशावर राहिलेल्या माणसाचा कागद कमी निघाला तर तो आणायला वेळ उरत नाही. समितीनं नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. तोंडी 'नाही' घेऊन घरी जाऊ नका. लेखी कारण हातात असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

आता समजा शुक्रवारी स्थिती 'प्रतीक्षा यादी' अशी दिसली. इथं पालक दोन टोकं गाठतात. एक तर सगळं संपलं म्हणून रडतात, नाहीतर आता मिळालंच म्हणून बाकी सगळं सोडून देतात. क्रमांकाचा अर्थ शाळेवर अवलंबून असतो. शाळेत पहिलीला ८० मुलं घेत असतील तर पंचवीस टक्क्यांप्रमाणे आरटीईच्या जागा २०. वीसपैकी काही जण कागदात अडकतात, काही गाव बदलतात, काहींनी दुसरीकडे पैसे भरलेले असतात आणि ते येतच नाहीत. म्हणून तिथं तिसरा-चौथा क्रमांक असेल तर मी आशा धरेन. तिसावा असेल तर धरणार नाही. अंतराचाही विचार करा. एक किलोमीटरच्या आतली मुलं आधी, त्यांतून जागा उरल्या तर एक ते तीन किलोमीटरची. दाट वस्तीतल्या नावाजलेल्या शाळेत आतल्याच मुलांची रांग संपत नाही. तुमच्या पहिल्या दोन शाळा एक किलोमीटरच्या आत असतील तर खरी आशा तिथंच आहे, खालच्या आठ शाळांकडे फार डोळे लावू नका. प्रतीक्षा यादीचे टप्पे पहिली फेरी संपल्यावर सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत रेंगाळतात. तोवर पोर्टल अधूनमधून बघत राहावं लागतं, कारण टप्प्यात नाव आलं की मुदत छोटी असते.

उलट बाजूही सांगतो. निवड यादीत नाव लागलं, पण शाळा दहातली सर्वांत नावडती, असं झालं तर 'पुढच्या फेरीत चांगली मिळेल' म्हणून सोडू नका. निवड होऊन प्रवेश घेतला नाही की पुढच्या टप्प्यांत तुमचा विचार होत नाही. ती शाळा नकोच असेल तर सोडा, पण दुसरी मिळेल म्हणून सोडू नका.

मग त्या बावीस हजारांचं काय? हे तुमच्या परिस्थितीवर आहे, आणि इथं ठाम सल्ला देणारा माणूस तुमचं घर चालवत नाही. माझा विचार असा. मुलगी जूनमध्ये घरी बसणार, ही भीती खरी नाही. महापालिकेच्या शाळेत पहिलीला प्रवेश मिळतो, फी लागत नाही, कुणी मुलाखत घेत नाही. जवळच्या पालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, वर्ग बघा, बाई कोण आहेत ते बघा. काही पालिका शाळा बावीस हजारांच्या इंग्रजी शाळांपेक्षा उजव्या आहेत, हे मी नोकरीत बघितलंय आणि ते सांगितलं की लोक विषय बदलतात. तेव्हा बावीस हजार भरायचे ते 'त्या' शाळेसाठी भरा, भीतीपोटी नको.

भरायचेच असतील तर आधी त्या शाळेला तीन गोष्टी विचारा. आरटीईत नाव लागलं तर यातले किती परत मिळतील, ते लेखी द्याल का? पावती कशाच्या नावानं मिळेल, फी म्हणून की देणगी म्हणून? आणि २८ तारखेपर्यंत थांबाल का? प्रवेशासाठी देणगी मागणं आणि मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणं, दोन्ही कायद्यात बसत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये ते स्पष्ट आहे. त्यामुळे पावतीचा प्रश्न विचारल्याबरोबर समोरच्याचा आवाज बदलला तर तुम्हाला उत्तर मिळालं. आणखी एक, ही शाळा तुमच्या दहा शाळांत आहे का ते बघा. तिथंच पैसे भरले आणि तिथंच आरटीईतून नाव लागलं, तर भरलेले पैसे सोडवताना नाकी नऊ येतात. असे वाद आमच्यापर्यंत यायचे.

'थोडे दिवस तर थांबायचंय' असं म्हणून निर्धास्तही होऊ नका. गेल्या वर्षीचं आठवा. शासनानं ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलून सरकारी-अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना आरटीईतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात त्याला स्थगिती दिली, अर्ज पुन्हा भरून घेतले, ७ जूनला सोडत निघाली आणि निकाल अडकला. न्यायालयानं तो बदल १९ जुलैला रद्द केला, त्यानंतर याद्या लागल्या. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. ज्यांनी पालिका शाळेत नाव घालून ठेवलं होतं त्यांची मुलं वर्गात होती, ज्यांनी फक्त वाट बघितली त्यांची घरी. यंदा सोडत वेळेत निघालीय, तसं व्हायचं कारण दिसत नाही. तरीही दुसरी सोय हाताशी असलेली बरी.

आणि नाव लागलं तर खर्चाचा हिशोब आजच नवरा-बायकोनं बसून करा. फी शासन देतं, मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये, आणि ते शाळांना वेळेवर मिळत नाहीत म्हणून शाळांचा राग अधूनमधून पालकांवर निघतो. गणवेश, पुस्तकं, बस, स्नेहसंमेलनाचा पोशाख, सहल यांवरून कुरबुरी होतात, त्यात आपला हक्क काय आणि आपल्याला झेपेल काय हे आधी ठरवलेलं असावं. शिवाय ही सवलत आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी तुमच्यावर येते. नकार द्या असं मी म्हणत नाही, आठ वर्षं म्हणजे पुष्कळ मोठी मदत आहे. पण नववीचा विचार आठवीच्या निकालादिवशी करणारे पालक मी पाहिलेत.

मुलीला सध्या काही सांगू नका. नाव लागलेल्या पोराला पेढा आणि न लागलेल्याला 'अभ्यास करत नाहीस म्हणून' असं ऐकवणारे काका-मामा प्रत्येक चाळीत असतात. सोडत आहे, गुणवत्ता यादी नाही. सहा वर्षांच्या मुलीनं त्यात काहीच केलेलं नाही.

तेव्हा ताई, आज भाडेकरार आणि अर्जाची प्रिंट काढून बघा, उद्या जन्मदाखल्यावरचं नाव आणि पालिका शाळेची एक फेरी. इंग्रजी शाळेकडून २८ तारखेपर्यंतची मुदत लेखी मागा. त्या ओळखीच्या माणसाचा फोन आला तर मिस्टरांना म्हणावं, 'आमचं आम्ही बघतो.' करारावर दस्त क्रमांक सापडत नसेल किंवा अंतराचा घोळ दिसला तर इथंच लिहा, पण अर्ज क्रमांक आणि मोबाइल नंबर टाकू नका, चारचौघांत ते देणं बरं नाही.